मारुतीचा वाकडा पाय

ग्रुपवर मेसेज आला आणि माझं टाळकंच सटकलं.

दहावीच्या बॅचचा मेळावा, दिवाळीनंतरचा पहिला रविवार, बुलढाण्यातलं एक लॉन, सकाळी अकरा. सगळ्यांनी मुखवटा घालून यायचं. कुणी ओळखेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, ओळखलं की मुखवटा उतरवायचा आणि एक गाणं म्हणायचं. आणि खाली, जेवणाच्या मेनूच्या आधी, एक ओळ: आपली आर्टिस्ट मैत्रीण सगळ्यांचे फटाफट लाइव्ह स्केच काढेल. त्याखाली अंगठ्यांची आणि फुलांची रांग.

मला कुणी विचारलं होतं? विचारायचं नाव नको. वर्गातला एक जण आता वकील आहे, त्याला कुणी म्हटलं नाही की येता येता दोन खटले लढून दे. एकाचं हार्डवेअरचं दुकान आहे, त्याला कुणी नळ बसवायला लावला नाही. चित्र काढणारी बाई मात्र सगळ्यांच्या बापाची. लग्न असो, बारसं असो, "तुले काय, दोन रेघा तं ओढायच्या!" मी संग्रामपूरकडच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. पोरं मला पाठीमागे मिरची मॅडम म्हणतात आणि मला ते माहीत आहे. मी ग्रुपवर उत्तरच दिलं नाही.

संध्याकाळी मैत्रिणीचा फोन आला. शाळेत पाच वर्षं आम्ही एका बाकावर बसलो. आता ती बुलढाण्यात नर्स आहे.

"येऊन राह्यली ना वं?"

"मी काही सर्कशीतली नाही," मी म्हटलं.

"ऐक तं खरं, मग फणफण कर. तो ते चित्र आणून राह्यला. सरांले भेट देनार हाये, सगळ्यायसमोर."

कुठलं चित्र, कोण आणणार, हे तिला सांगायची गरज नव्हती आणि मला विचारायची.

"येते," मी म्हटलं.

हे चित्र काय आहे ते आधी सांगते, नाहीतर पुढचा माझा थयथयाट वेडेपणा वाटेल.

आमचं गाव मोताळा तालुक्यातलं. चैत्रात गावात सोंगं निघतात. कागदाच्या लगद्याचे मोठाले मुखवटे, रंगवलेले, पिढ्यांपिढ्या जपलेले. दुपार कलली की डफड्याच्या तालावर एकेक सोंग चावडीपासून देवळापर्यंत नाचत जातं. गणपती, नरसिंह, रावण आणि सगळ्यात शेवटी मारुती. मारुती माझे बाबा.

बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल होते. मी तान्ही असताना रुईची दाबलेली जड गाठ त्यांच्या डाव्या पायावर पडली. पाय वाचला, पण घोट्यापासून आत वळला आणि दोन बोटं एकमेकांवर चढून बसली. तरी मारुतीचं सोंग त्यांनी सोडलं नाही. उजव्या पायावर उडी घ्यायचे, हवेत डावा पाय आत ओढायचे आणि तो वाकडा पाय असा काही धप्पकन टेकवायचे की आजूबाजूची पोरं किंचाळायची. गावात लहान पोरं मारुती मारुती खेळताना डावा पाय वाकडा करूनच खेळत. त्यांना वाटायचं मारुतीचा पाय असाच असतो.

आमच्याकडे एक नियम आहे. सोंग अंगावर असेल तोवर त्या माणसाचं नाव घ्यायचं नाही. आत कोण आहे हे अख्ख्या गावाला माहीत असतं, पण घ्यायचं नाही. माझी मायसुद्धा हात जोडून "मारुतीराया" म्हणायची. सोंग देवळामागे बसलं, मुखवटा उतरला, की घरातल्या कुणीतरी त्याचे पाय धुवायचे. पाय धुतले की सोंग उतरलं. मग तो माणूस पुन्हा आपला. आमच्या घरी ते काम माझं होतं. शेजारचं कुणी तांब्यातून पाणी ओतायचं, मी बोटांच्या फटीतली माती काढायचे आणि मग म्हणायचे, "बाबा, चला घरी." ते तोवर एक शब्द बोलायचे नाहीत. मी तसं म्हटलं की मगच हसायचे.

नववीत असताना मी ते सोंग कागदावर काढलं. किराणा दुकानाच्या ओट्यावर उभी राहून, हातात शाळेचा ड्रॉइंग पेपर आणि काळा मेणखडू. बाबा चावडीवरून निघाले आणि देवळात शिरले, तेवढ्या वेळात. गर्दी ढकलत होती, गुलाल उडत होता, कागदाला टेकू नव्हता. खोडायला वेळ नाही, विचार करायला वेळ नाही. मुखवटा दोन-तीन फटकाऱ्यांत झाला, शेपटी कागदाबाहेर गेली, आणि डावा पाय मात्र एकदम तसाच उतरला, आत वळलेला, टेकायच्या क्षणाचा. कसा उतरला ते मला अजून कळलेलं नाही.

चित्रकलेच्या सरांनी तो कागद खिडकीशी धरून खूप वेळ पाहिला. म्हणाले, "जिल्ह्याच्या स्पर्धेले शाळेचं एकच चित्र जाते. हेच जाईल." मी त्या रात्री जेवलेसुद्धा नाही, इतका आनंद.

चित्र गेलं. पहिलं आलं. प्रार्थनेच्या वेळी हेडसरांनी नाव पुकारलं ते शाळेच्या अध्यक्षांच्या मुलाचं.

तो माझ्याच वर्गात. त्याला आंबा काढायला सांगितला तर बटाटा काढायचा. तो पुढे गेला, टाळ्या झाल्या, मी रांगेत उभी. मी सरांकडे पाहिलं आणि सर पायाखालच्या फरशीकडे. माझी मैत्रीण माझ्या हाताला चिमटे काढत होती, "बोल ना, बोल ना!" बोलणार काय? जिनिंग अध्यक्षांचीच होती. बाबांच्या पायावर गाठ पडली ती त्यांचीच, आणि त्यानंतर बाबांना वजनकाट्यावर बसायचं हलकं काम दिलं तेही त्यांनीच. घरी जाऊन मी आकांत केला. माय म्हणाली, "पाण्यात राहून माशाशी वैर करू नाई, बाई."

बाबा काय म्हणाले ते मी आजवर विसरले नाही. म्हणाले, "सोंगाखाली कोन हाये हे सांगायचं नसते. तूबी सोंग घेतलं समज. उतरलं की सांग."

पंधरा वर्षांची मी. मला ते काहीतरी थोर वाटलं. आज वाटतं, बाबा, तुम्ही मला गप्प बसवलंत हो. देवाधर्माचं नाव घेऊन गप्प बसवलंत. आणि मी बसले. ही चीड मी तुमच्यावरही ठेवलेली आहे, तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगते.

ते चित्र अध्यक्षांच्या बंगल्यात, दिवाणखान्यात फ्रेम करून लागलं. मी चित्रकलेच्या डिप्लोमाला असताना बाबा गेले. तेव्हा लक्षात आलं की बाबांचा सोंगातला एकही फोटो नाही. गावात कॅमेरा होताच कुणाकडे? घरात आहे तो जिनिंगच्या पासावरचा, नखाएवढा. पाणी लावून चापून बसवलेले केस, घाबरलेले डोळे. त्या फोटोतला माणूस मला ओळखूच येत नाही. माझे बाबा हवेत असायचे.

मग मी ते चित्र आठवून पुन्हा काढायला लागले. वर्षातून दोन-चारदा तरी बसायचे. हात आता शिकलेला, कागद चांगला, वेळ हवा तेवढा. बाकी सगळं जमायचं, डावा पाय जमायचा नाही. कधी फार वाकडा व्हायचा, कधी नुसता लंगडा. बाबा लंगडत नव्हते, उडायचे. पंचवीस वर्षं मी तो पाय काढते आहे आणि फाडते आहे. नोकरी लागल्यावर एकदा हिंमत करून बंगल्यावर गेले होते. "साहेब पुण्याले गेले," म्हणून गड्याने फाटकातूनच वाटेला लावलं, आणि मीही मुकाट्याने परत आले. त्या परत येण्याची लाज मला अजून आहे.

म्हणून मी त्या मेळाव्याला गेले. मला नाव नको होतं, बक्षीस नको होतं. बक्षीस म्हणजे तेव्हाची एक कंपासपेटी आणि प्रमाणपत्र, चुलीत घाला. मला तो पाय हवा होता. चित्र मागायचं, नाही दिलं तर निदान त्याच्यावर कागद ठेवून गिरवून घ्यायचं, असं ठरवून मी पिशवीत ट्रेसिंग पेपर टाकला.

लॉनवर पोचले तर डीजे सुरू. अकरा वाजता! ऊन डोक्यावर आणि खाली शे-सव्वाशे पावलं नाचतायत. मुखवटे पाहून रागातही हसू आलं. यात्रेतले वाघ-सिंह, पोरांच्या वाढदिवसातले कार्टून, एकाने ज्वारीच्या पोत्याला डोळ्यांची भोकं पाडलेली. एक जण चक्क कोरोनातला निळा मास्क लावून आलेला. त्याला सगळे हसले तर तो नियम मोडून ओरडला, "मास्कच तं म्हटलं होतं बे!" पहिल्याच मिनिटाला ओळखला गेला, गाणं म्हणावं लागलं, तेही शाळेची प्रार्थना.

मी मुखवट्याशिवायच खुर्ची ओढून बसले. मांडीवर पॅड, हातात काळा मेणखडू. मी घरात, शाळेत, सगळीकडे मेणखडूच वापरते. लोकांना वाटतं मॅडम साध्या आहेत.

आणि खरं सांगू? राग होता तरी हात सुटला. मुखवट्यातल्या माणसाचं चित्र पायापासून काढायचं, हे मी त्या ओट्यावर शिकलेले. चेहरा झाकला की माणूस पायांकडचं लक्ष काढून घेतो आणि पाय सगळं बोलून टाकतात. एकाला दोन मिनिटं, दहा-बारा रेघा. हा एक पाय दुसऱ्यावर घासतोय, म्हणजे शाळेत अंगठे धरून उभा असायचा तोच. ही टाचा जुळवून उभी, म्हणजे लेझीमची पुढारी. वाघाच्या मुखवट्याखालचा माणूस दर दोन पावलांना चप्पल सावरतोय, म्हणजे हा नवी चप्पल घेऊन आलाय आणि ती चावतेय. रेघ चुकली तर चुकली, पुढची रेघ. मी सगळ्यांना ओळखत होते आणि गावचा नियम म्हणून नाव घेत नव्हते. लोक येऊन आपला कागद बघत, मुखवट्यातून खिदळत. "आरं, हा तं मीच!" म्हणत आपणच आपल्याला ओळखून देत.

पुढच्या रांगेत चित्रकलेचे सर बसले होते. सत्तरीला आलेले, हातात काडीला लावलेला घुबडाचा पुठ्ठा. कुणीतरी दिला असणार. मध्येच तो तोंडासमोर धरत, मध्येच खाली ठेवत. मी त्यांचंही चित्र काढलं. पाय जवळ घेतलेले, चपला काढून खुर्चीखाली सारलेल्या, अंगठे मातीत रुतवलेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहायची सवय नाहीच त्यांना.

आणि तो. सोनेरी मुखवटा, पिसं लावलेला, ऑनलाइन मागवलेला. शाळा, जिनिंग आणि हे लॉन, सगळं आता त्याचंच. नियम त्यानेच केलेला आणि मोडतही तोच होता, माइक घेऊन एकसारखा बोलत होता. त्याला ओळखायला काय लागतं? पाय फाकून उभा, अख्ख्या लॉनचा सातबारा नावावर असल्याच्या थाटात. म्हणजे होताच.

जेवणाआधी त्याने डीजे थांबवला. मुखवटा कपाळावर सरकवला.

"मित्रांनो," म्हणाला, "आज मी जो काही आहे तो सरांमुळे. फार कमी लोकांले माहीत असंल, मीबी एके काळी चित्र काढायचो."

मैत्रीण माझ्या मागे येऊन उभी राहिली. तिचा हात माझ्या खांद्यावर पडला.

"माझं पहिलं बक्षीस. हे चित्र आज मी सरांच्या चरणी अर्पण करतो." आणि त्याने टेबलावरच्या फ्रेमवरचं फडकं ओढलं.

टाळ्या झाल्या. मी उठून पुढे गेले. कुणाला काही वाटलं नाही, चित्रकार बाई चित्र पाहायला येणारच. मी जवळ गेले. तीच शेपटी, कागदाबाहेर गेलेली. तोच मुखवटा, तीन फटकाऱ्यांचा. मांडीवरची ती जाड रेघ, जिथे मला मागून कुणाचा तरी धक्का लागला होता. हातातली गदा. आणि खाली डावा पाय.

सरळ.

पाच बोटं ओळीने, कॅलेंडरमधल्या देवाला असतात तशी गुळगुळीत. चॉकलेटी पोस्टर कलरने रंगवलेला, छान सावली दिलेला पाय.

मला आधी काही कळेचना. मला वाटलं मीच चुकून आठवतेय. पंचवीस वर्षं मी उगाच वाकडा पाय काढत बसले की काय? मग खाली वाकून पाहिलं. तो तुकडा बाकीच्या चित्रापेक्षा वेगळा दिसत होता, ठिगळ लावल्यासारखा. वरून रंगवला होता.

"हा पाय कोणं केला?" मी विचारलं. मी त्या पायावर बोट ठेवलं. "हा पाय कोणं केला रे?"

तो हसला. माइक अजून हातातच. "अरे वा, आर्टिस्टच्या नजरेतून काही सुटत नाही हं. लहान होतो ना तेव्हा, पाय जमला नव्हता. वाकडा झाला होता. घरी आलेले पाहुणे हसायचे. म्हटलं देवाचा पाय वाकडा बरा दिसते का? बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरकडून सरळ करून घेतला."

लोक हसले. खेळीमेळीचं, जेवणाआधीचं हसू.

मी आयुष्यात पुष्कळदा चिडले आहे. हेडमास्तरांवर, एसटीच्या कंडक्टरवर, नवऱ्यावर, पोरांवर. पण तो राग वेगळा होता. नाव चोरलंस, चोर. बक्षीस घेतलंस, घे. अरे, पण तुझ्या बापाच्या गाठीखाली चेंगरलेला तो पाय! तो तू सरळ करून घेतलास? दिवाणखान्यात बरा दिसावा म्हणून?

"मुडद्या," मी म्हटलं, आणि ते माइकमध्ये गेलं. "त्या पायाचा मालक कोण हाये, माहीत तरी हाये का तुले?"

हसणं थांबलं.

"हे बघ, आपण नंतर बोलू," तो दबक्या आवाजात म्हणाला. "फोटो होऊ दे."

"नंतर नाही. तीस वर्षं नंतरच होतं." मी फ्रेम उचलली. जड होती. तो "अरे, अरे" करत राहिला, पण एका बाईच्या हातातून सगळ्यांसमोर हिसकावणार कसा? मी स्टेजच्या पायरीवर बसले आणि फ्रेम उलटी मांडीवर घेतली. मागे प्लायवूड, कडेने बारीक चुका, म्हणजे टाचणीएवढे खिळे, मारलेल्या. मैत्रिणीने न विचारता पर्समधला नेलकटर काढून माझ्या हातात दिला. एकेक चूक उचकटताना माझी दोन नखं मोडली. भोवती वाघ, सिंह, पोतं, कार्टून, सगळे गोळा होऊन उभे. मुखवटे काढायचं कुणाला सुचलंच नाही.

कागद बाहेर आला. पिवळा पडलेला, कडा ठिसूळ. तीस वर्षांनी मी त्याला हात लावला.

आता घाबरायची पाळी माझी होती. पाचवीच्या पोरांना मी दरवर्षी एक गंमत शिकवते. मेणाने कागदावर काहीतरी लिहायचं आणि वरून रंगाचं पाणी फिरवायचं. मेणावर पाण्याचा रंग धरत नाही, लिहिलेलं उघडं पडतं. जाड थर दिला तर झाकलं जातं, पण रंग मेणाला चिकटत नाही. म्हणजे पोस्टर कलरखाली माझा मेणखडू शाबूत असला तर हा सरळ पाय पाण्याने निघून जाईल. पण पेंटरने आधी ब्लेडने खरवडून घेतलं असेल तर? तर खाली काहीच नसेल. मग सरळ पायही गेला आणि वाकडाही. बाबांच्या पायाच्या जागी एक भोक.

"पाणी दे," मी मैत्रिणीला म्हटलं.

तेवढ्यात समोर एक बाटली आली. सर होते. अनवाणीच उठून आले होते. घुबडाचा पुठ्ठा बगलेत, बाटलीचं झाकण उघडलेलं.

"स्पर्धेच्या फॉर्मवर नाव मीच लिहिलं होतं बेटा," ते म्हणाले. "तुझं खोडून त्याचं लिहिलं. मले कोणं सांगितलंबी नव्हतं. मीच आपला... परमनंट व्हायचं होतं." मग बाटली पुढे केली. "मी ओततो."

मी काय सांगू, क्षणभर वाटलं द्यावं ओतू. म्हातारा माणूस. पण नाही. माझ्या मनात नव्हतं आणि मी मनात नसलेलं करत नाही. सगळं आयुष्य फरशीकडे पाहून काढायचं आणि शेवटी पाणी ओतून मोकळं व्हायचं, हा कुठला न्याय?

"तुम्ही नका, सर," मी म्हटलं. "हे घरचं काम हाये."

ते तिथेच उभे राहिले. मैत्रिणीने बाटली त्यांच्या हातातून घेतली. तिने धार धरली, बारीक, आणि मी पदराचं टोक भिजवून बोटाला गुंडाळलं.

पहिल्यांदा नुसता चिखल झाला. चॉकलेटी पाणी कागदावरून ओघळून माझ्या साडीवर आलं. मागून त्याचा आवाज, "खराब केलं ना चित्र! सत्यानाश केला!" मी मान वर केली नाही. अंगठा आधी गेला, पेंटरचा गुळगुळीत अंगठा. मग ती ओळीतली बोटं. खाली काही दिसेना. मी पुसत राहिले. जोर लावायचा नाही, कागद फाटेल. जोर न लावताच पुसायचं आणि श्वास घ्यायचा नाही. मैत्रीण पुटपुटत होती, "हळू वं, हळू."

आणि मग घोट्याजवळ काळं काहीतरी चमकलं. मेण. पाणी त्याच्यावरून थेंब थेंब होऊन पळत होतं. मी पदराची दुसरी बाजू घेतली. घोटा आला. मग घोट्यापासून आत वळलेली ती रेघ, सरळ जायचं सोडून एकदम आत घुसलेली. मग एकमेकांवर चढलेली दोन बोटं. मी बोटांच्या फटीतला रंग नखाने काढला, अगदी हळूच, जशी माती काढायचे तशी.

टेकायच्या क्षणाचा पाय. पंचवीस वर्षं मी त्याला जमिनीवर टेकलेला काढत होते. तो अजून टेकलाच नव्हता. बोटभर वर होता.

मी कागद उन्हाकडे वळवला. कोपऱ्यात त्याची सही तशीच होती, पक्क्या शाईतली, झोकदार. ती मी पुसली नाही. पुसली जातही नव्हती, आणि असू दे. चोराचं नाव चोरीच्या मालावर असलेलं बरं.

"चित्र खाली ठेव," तो पुढे येऊन म्हणाला. "फ्रेम माझी आहे, मेळाव्याच्या खर्चात..."

"फ्रेम घे," मी म्हटलं. "फ्रेमच तुझी होती."

मी पॅडमधली सगळ्यांची स्केचेस काढून पायरीवर ठेवली, ज्याचं त्याने घ्यावं. ओला कागद पॅडवर पसरला आणि दोन्ही हातांवर तोलून धरला. वाघाने बाजू दिली, पोत्याने बाजू दिली. सर वाटेतच उभे होते, तेही सरकले. मैत्रीण माझी पिशवी घेऊन मागे येत होती. बाहेर ऊन लख्ख होतं, कागद वाळायला चांगलं.

फाटकापाशी मी थांबले. पाय धुऊन झाले होते. सोंग उतरलं होतं. आता नाव घ्यायला हरकत नव्हती.

"बाबा," मी म्हटलं, "चला घरी."